कंगवा न लावणारी वहिनी

वहिनी केसांना कंगवा लावत नसे. घरात कंगवा नव्हता असं नाही. भिंतीतल्या कोनाड्यात मोठा कंगवा होता, उवांची फणी होती, खोबरेल तेलाची बाटली होती. आणि मायचा नियमच होता, की सकाळी बाईनं आधी डोक्यावर तेल थापायचं, मधोमध भांग पाडायचा आणि वेणी अशी आवळायची की डोळे ताणले गेले पाहिजेत. वहिनी त्या कोनाड्याकडे फिरकायची नाही. ती मागच्या अंगणात पाटावर बसायची, कोपरं मांड्यांवर टेकवायची, मान खाली घालून ओले केस तोंडावर ओढून घ्यायची आणि नुसत्या बोटांनी काहीतरी करत राहायची. मग मान वर करून एक झटका द्यायची. खांद्यापर्यंतचे ते केस ना चपटे बसायचे ना विस्कटायचे. वाऱ्यानं बांधीतलं उभं धान हलतं तसे दिसायचे. अख्खं गाव तिला 'कटवाली' म्हणायचं.

ती माझ्या मोठ्या भावाची बायको. तिचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं, आमचं गाव सालेकशाच्या जंगलाला लागून. लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी कमरेच्या खाली होती. मायनं शेजारणींना ती हातात धरून दाखवली होती, बाजारातून आणलेलं भांडं दाखवावं तशी. मी तेव्हा नववीत होते, आणि धानाच्या रोवणीला, मोहफुलाला, तेंदूपानाला जाता जाता शाळेपासून सुटत चालले होते. एक दिवस गेलेच नाही. घरात कोणी रागावलं नाही. एकटी वहिनी म्हणाली, "काऊन सोडली वो बारके? मास्तर मारते का?"

मी म्हटलं, नाही, मला भीती वाटते. कशाची, ते मला सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही.  "मंग बस माह्याजवळ," वहिनी म्हणाली, आणि शिवायच्या ब्लाउजची एक बाजू मला धरायला दिली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती बरेच दिवस अंथरुणावर होती. थंडी बाधली, असं घरात ठरलं. उठून हिंडू लागली आणि एका सकाळी तिनं वेणी कापली. सोडून दोन भाग केले, दोन्ही खांद्यांवरून पुढं घेतले आणि कापडाची कैची चालवली. असे पुढं ओढून कापल्यामुळे पुढचे केस आखूड राहिले, मागचे लांब, मधे आपोआप पायऱ्या पडल्या. पार्लरमध्ये त्याला लेयर म्हणतात, हे आम्हा दोघींनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

माय शेतावरून गवताचा भारा घेऊन आली. भारा डोक्यावरच राहिला.

"नवरा जिता आहे ना तुहा? का मेला?"

"जिताच आहे जी. गरमी होत होती, म्हनून कापले."

"पुसाच्या महिन्यात गरमी!" मायनं भारा असा टाकला की कोंबड्या उडाल्या. "आयका वो बायांनो, माह्या सुनेले पुसात गरमी होते!"

त्या दिवशी भाऊ जेवताना तिच्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "बरी दिसते." मायनं त्याच्या ताटात भात वाढला तो उलथणं आपटून. भावानं मान खाली घालून भात कालवला. तो तसा कधीच पुढं बोलायचा नाही.

खरं कारण तिनं मला सांगितलं ते काही दिवसांनी. मी विचारलं, एवढे सुंदर केस कायले कापले? तिनं माझा हात धरून स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि आपला तो हात वर उचलायला लागली. कानापर्यंतही गेला नाही. आत काहीतरी कुरकुरल्यासारखं माझ्या तळव्याला लागलं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"सिकलसेल आहे मले," ती म्हणाली. आमच्या भागात आईबापांच्या रक्तातून येणाऱ्या या दुखण्याचं नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. रक्त तपासायला शाळेतच येतात. "आता हाडात शिरला. वेनी घालता येत नाही. तुह्या मायले रोज म्हनलं का वेनी घालून द्या, तं ती विचारन, काऊन? मंग दवाखाना, मंग बैठक, मंग माहेर. मले इथंच रायचा आहे बारके." आणि मग ते वाक्य, जे मी पुण्याला येतानाही बरोबर घेऊन आले: "फॅशनवाली म्हनू दे मले. दुखनेवाली नोको."

लग्नाआधी तिच्या घरच्यांना हे माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पावडरच्या डब्यात ती पिवळ्या गोळ्या ठेवायची आणि माय आली की गालाला पावडर लावायची. त्या दिवसापासून मला कळलं, की सकाळचा तो पाट आणि ते केस म्हणजे हौस नव्हती. घरातली जागा रोज सकाळी नव्यानं मिळवायची होती, आणि ती केसांवरून मिळत होती. डोकं नीट असलेली बाई आजारी वाटत नाही.

हात वर जात नव्हता म्हणून ती डोकं खाली आणायची. बाकीची सगळी रीत त्यातूनच निघाली होती. केस पुसायचे नाहीत, जुन्या सुती लुगड्यात नुसते दाबायचे. ओले असतानाच बोटानं जाडसर बटा वेगळ्या करायच्या, प्रत्येक बट तोंडापासून दूर अशी पिळायची आणि सोडून द्यायची. मग हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड. मी सारखी जाऊन हात लावायची, सुकले का, बिघडले का. ती माझ्या हातावर चापट मारायची. "सारखी झाकन उघडून पायशील तं भात शिजन का? सुकू दे त्याले."

केस धुतल्यावर शेवटी भाताची पेज लावायची, ही तिच्या माहेरची सवय. भात शिजल्यावर निघालेलं पांढरं पाणी, त्यात आणखी पाणी घालून पातळ केलेलं. आमच्याकडे ती पेज प्यायची असते. कामावरून आलेल्या माणसाला मीठ घालून देतात. एकदा मायनं गंजातल्या सगळ्या पेजेत आधीच मीठ घालून ठेवलं होतं, आणि वहिनीनं चव न बघता तीच डोक्यावर ओतली. भात खाणाऱ्या मुलखातच होईल अशी ही चूक. ती अंगणात केस वाळवत बसली आणि आमची पाटरू मागून येऊन तिचे केस चाटू लागली, चाटता चाटता खाऊ लागली. वहिनी किंचाळली, माय धावत आली, शेळीच्या पिल्लाच्या तोंडातून बट सोडवली आणि जीभ लावून पाहिली.

"अवं, हे तं माही पेज होय! माह्या पोराच्या तोंडची पेज डोक्यावर ओतली इनं!"

माय ओरडत होती, पण ओठ दाबून. मी तिला हसू आवरताना त्या घरात फार कमी वेळा पाहिलं आहे. आणि गंमत अशी, की दुपारी ते खारवलेले केस सुकले तेव्हा रोजच्यापेक्षा चांगले बसले. मऊ, पण घसरणारे नाहीत. दिलेला पीळ तसाच राहिला. वहिनीनं आरशात पाहिलं, बोटं घालून वर उचलले, सोडले. त्या दिवसापासून पातळ पेजेत चिमूटभर मीठ ठरून गेलं, आणि पाटरू खुंट्याला बांधायची, हेही ठरलं.

गोंदियाच्या बाजारात आम्ही एकदा बांगड्या भरायला गेलो. दुकानातली बाई हिंदीत बोलणारी, स्वतःचे केस रंगवलेली. वहिनीच्या हातात बांगड्या चढवायच्या सोडून तिच्या डोक्याकडे बघत राहिली. "कौन से पार्लर में करवाया, भाभी?" वहिनी म्हणाली, "घर का है." बाईला वाटलं, लपवते आहे. "बताओ ना, हम थोडी किसी को बोलेंगे." वहिनीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ये मेरी ननंद है ना, ये करती है." मी दचकले. तोवर मी फक्त पेजेचा गंज धरत होते. बाहेर आल्यावर म्हटलं, खोटं काऊन बोलली? ती म्हणाली, "आज खोटा आहे. उद्यापासून कर."

उद्यापासून म्हणजे खरंच दुसऱ्या दिवसापासून. तिचा डावा खांदाही धरत चालला होता, आणि मान खाली घालूनही बोटं मागच्या केसांपर्यंत पोचत नव्हती. सकाळी माय शेतावर किंवा जंगलात गेली की मी तिच्या मागे बसायची. एकच बट मी तीनतीनदा सोडून पिळायची. मला वाटायचं, माझ्या हातानं एखादी बट वाकडी गेली तर माय ओळखेल आणि सगळं घर माझ्यामुळे उघडं पडेल. ती समोर बघत हळूहळू सांगायची, "पीळ सैल दे. सैल. केसाले वाटलं पायजे का त्याले कोनी धरलाच नाही." थंडीत तिचं अंग दुखून आलेलं असलं की ती माझ्या गुडघ्याला टेकून बसायची आणि ओठ चावायची, पण केस झाले की उठायची, पदर खोचायची, आणि माय परतली की चुलीशी जाऊन तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं भांडी वाजवायची.

माझ्या मावसबहिणीनं पुण्याहून फोन केला, की ती काम करते त्या पार्लरमध्ये एक मुलगी पाहिजे, राहायची सोय आहे. घरात तोवर माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मायला वाटत होतं, नववीतून शाळा सोडलेल्या पोरीला पुण्यात कोण विचारणार. मी तर पुण्याचं नाव निघालं की मागच्या अंगणात निघून जायची. वहिनी त्या बोलण्यात कधी नव्हे ती मधे पडली. मायसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोट्टीच्या हातात गुन आहे. जाऊ द्या जी तिले. लगन कुठी पळून नाही चालला."

"तुले का करा लागते? तू पाठवून रायली का तिले?"

"हव. मी पाठवून रायली."

मागच्या अंगणात मी तिला म्हटलं, मी गेले तर तुझे केस कोण करणार? तिला ते कळत नव्हतं असं नाही. तिच्याइतकं ते कोणालाच कळत नव्हतं. ती माझ्याकडे पाठ करून पाटावर बसली आणि म्हणाली, "तू माहे केस कराले जनमली का? कर लवकर, माय येऊन रायली."

निघायच्या सकाळी मी तिचे केस फार वेळ लावून केले.  गाडीवर पोचवायला भाऊ आला, वहिनी दारातच थांबली. भाऊ वाटेत म्हणाला, "मस्त केले तिचे केस." त्याला काही माहीत होतं की नाही, हेही मला आजवर कळलेलं नाही.

पुण्यात पहिले काही महिने मी फक्त केस झाडले आणि टॉवेल धुतले. मालकीणबाई चांगल्या आहेत. माझ्या बोलण्याला हसतात, पण शिकवतात. त्यांच्याकडे एका बाटलीत मिठाचं पाणी असतं, मध्यम केसांना मऊ लाटा याव्यात म्हणून फवारायचं. मी कोणाचं लक्ष नाही असं बघून बोटावर घेऊन चाखलं. मग मोरीत जाऊन उगीच टॉवेल पिळत उभी राहिले. आता मी ते काम करते. खांद्याइतके केस असलेली गिऱ्हाइकं बरीच येतात, आणि घरी स्वतःचं स्वतः कसं करायचं ते विचारतात. मी सांगते. पुसू नका, दाबा. पीळ सैल द्या. सुकेपर्यंत हात लावू नका. एकच बट आता मी तीनतीनदा पिळत नाही. रात्री खोलीला कुलूप लावलं का हे मात्र अजूनही उठून बघते.

घरचं मला मायच्या फोनवरून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. रोवणीच्या दिवसांत एका सकाळी वहिनी गुंता झालेल्या डोक्यानं बाहेर आली. आधीही काही दिवस ती पदर घेऊन असायची, मायला वाटलं रुसली आहे. त्या दिवशी माय चिडली, कंगवा घेतला आणि "ये इकडे" म्हणून तिचा हात धरून ओढला. वहिनी जशी ओरडली, तशी ओरडताना मायनं जनावरही ऐकलं नव्हतं, असं माय स्वतः म्हणाली. मग दवाखाना झाला. मग बैठक झाली, विहाराच्या ओट्यावर, दोन्हीकडची माणसं बसून. वहिनीनं जे क्रमानं सांगितलं होतं ते त्याच क्रमानं झालं.

मी मायला वाईट म्हणू शकत नाही. ती फोनवर रडत होती. "मी तिले सासुरवास नाही केला वो. पन माहा पोरगा जनमभर दवाखान्याच्या पायरीवर बसन का? आन् लेकराइच्या रक्तात आला तं?" घरच्यांना फसवल्यासारखं वाटत होतं. फारकत झाली. भावानं सही केली. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं दुसरं लग्न झालं. मला सुट्टी मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही.

वहिनीला फोन करायला मी फार दिवस घाबरले. शेवटी केला. तिनं उचलल्यावर मी म्हटलं, "वहिनी."

 ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुही वहिनी आता घरी आहे बारके. मले नावानं बोलव. वंदना म्हन, वंदनाबाई म्हन, पन वहिनी नोको म्हनू. त्या पोरीच्या हक्काचा आहे तो. तिचा का कसूर?" आणि मी काही बोलायच्या आत: "आन् तू गेली म्हनून असा झाला, असा डोक्यात घेऊ नोको. तुले सवय आहे. हाड तुह्या येन्याजान्यानं नाही खराब झाला."

त्यानंतर फोनवर मी तिला काहीच म्हणत नसे. "मी बोलते आहे" म्हणायची. ती "बोल" म्हणायची. एवढा मोठा माणूस, आणि हाक मारायला शब्द नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जायच्या आधी तिच्या माहेरी उतरले. धान कापून झालं होतं, कालव्यात पाणी नव्हतं. ती ओसरीवर ऊन घेत बसली होती. केस वाढले होते. तिच्या आईनं तेल लावून, विंचरून, मागे दोरीनं बांधून दिले होते. मी पुण्याहून सगळं सामान आणलं होतं, ती बाटलीसुद्धा. पिशवी उघडली तसं तिनं मान हलवली.

"राहू दे. आता कोनापासून लपवाचा आहे?" आणि मग हसली. "इथं बरा आहे बारके. दुखलं तं दुखते म्हनता येते. सकारी उठून भांडे नाही वाजवा लागत."

मला आनंद व्हायला हवा होता. मी पिशवीची चेन लावली आणि तिच्याजवळ बसले. तिनं घरच्या सगळ्यांची चौकशी केली. मायचे गुडघे, भावाचं काम. नव्या वहिनीचं विचारलं, लेकरू होणार आहे का. मी हो म्हटलं. तिनं "चांगला झाला" म्हटलं आणि उन्हाकडे तोंड केलं. माझ्या केसांकडे बघून म्हणाली, पीळ अजून घट्टच देतेस.

रस्त्यानं एक म्हातारी चालली होती, डोक्यावर धानाच्या तणसाचा भारा. ओसरीसमोर थांबली, डोळे बारीक करून मला न्याहाळलं.

"कोन होय वो वंदे? पावनी आली का?"

मी खाली बघितलं. काय सांगणार होती ती? जे नातं होतं ते ओट्यावर बसून माणसांनी मोडलं होतं, आणि तिनंच मला ते तोंडातून काढायला लावलं होतं.  तिनं उजवा हात जितका उचलता येतो तितका उचलला, तो माझ्या पाठीवर येऊन थांबला.

"पावनी नाही होय," ती म्हणाली. "माही ननंद होय. पुन्याले रायते."